बर्फावर लग्नाचा फोटोग्राफर

आधी चहा घ्या, निवांत बसा आणि हसणार नाही असं कबूल करा, तरच सांगतो. कबूल केलंत तरी हसणारच म्हणा. आमची ही तर अजून भाजी निवडता निवडता मधेच खुदकन हसते आणि मी काही विचारत नाही. मला माहीत असतं ना, काय आठवलंय ते!

मी लग्नाचे फोटो काढतो. कोथरूडात स्टुडिओ आहे. इथून वारज्यापर्यंत कुठल्याही घरात अल्बम उघडा, निम्म्या नवऱ्या मी हसवलेल्या निघतील. आणि लग्नात फोटोग्राफरचा रुबाब काय असतो, ते मी तुम्हाला सांगायला नको. मुहूर्त थांबत नाही म्हणतात, पण आपल्यासाठी थांबतो. मंगळसूत्र नीट टिपलं गेलं नाही की सरळ म्हणायचं, "गुरुजी, परत एकदा!" गुरुजी कपाळाला आठ्या घालतात, पण परत घेतात. हार तर एका जोडप्याला मी इतक्यांदा घालायला लावले, की नवरदेव म्हणाला, "अहो, पुरे आता, घटस्फोटाची वेळ आली!"

तर ही माझी सवय. आता माझी पुतणी ऐका.

मनू कॉलेजात आहे आणि आइस हॉकी खेळते. हो, पुण्यात! मीही असाच हसलो होतो. एका मॉलच्या वरच्या मजल्यावर बर्फाचं मैदान केलंय, आपल्या मंगल कार्यालयाच्या हॉलएवढं. एरवी तिथं लोक कठड्याला धरून घसरतात आणि पोरांचे वाढदिवस करतात. रविवारी सकाळी मात्र स्टान्झिन नावाचे एक लडाखी प्रशिक्षक तिथं हॉकी शिकवतात. मनू त्यांच्या संघाची गोलकीपर.

या स्टान्झिनसरांनी तिला हिवाळ्यात लेहच्या शिबिराला बोलावलं होतं. मनूचा सगळा जीव त्यात अडकलेला. आणि दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तो काही केल्या हो म्हणेना.

"फ्रीज उघडला तरी शिंका येतात तिला. लेहला कशाला जायचं? एकदम मोठी शिंक द्यायला?"

मग मनू माझ्याकडे आली.

"काका, बाबांना वाटतं मी तिथं नुसती घसरत असते. बघायला ये म्हटलं तर येत नाहीत. तू माझा गोल अडवतानाचा एक फोटो काढ ना. एकच, पण भारी. तो बघितला की ते पाठवतील."

"एवढंच ना? झालं समज!"

बोललो खरा. पण त्या रविवारी मनूच्या संघाचा दुसऱ्या एका संघाशी सामना होता. मी आत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा काय झालं असेल, तर लेन्सवर धुकं! आत इतकं थंडगार, की माझ्या श्वासाचीच वाफ काचेवर बसत होती. शर्टाच्या टोकानं पुसतोय, परत धुकं. ते गेलं तेव्हा दिवे दिसले. दिवे कसले हो, वाढदिवसाची रोषणाई! एका कोपऱ्यात जांभळा, एका कोपऱ्यात हिरवा, मधे नुसता अंधार. एकाच गोलच्या वर तेवढा एक पांढरा दिवा. खाली बर्फ पांढराफेक, तो बघून कॅमेरा बिचारा गोंधळला आणि फोटोत सगळं राखेच्या रंगाचं यायला लागलं. शिवाय आमच्या धंद्यात माणसं स्टेजवर उभी असतात. इथं जो तो सूं करून निघून जातो, आणि ती काळी रबरी चकती तर दिसतच नाही, नुसता खट्ट आवाज येतो!

मी आपला फ्लॅश लावला. भप्पकन उजेड पडला. फोटोत काय आलं? मैदानाभोवतीच्या पारदर्शक भिंतीत माझंच पोट. आणि आतला एक खेळाडू डोळे चोळत बर्फावर बसलेला.

पंच म्हणून केळकर नावाचे एक गृहस्थ होते. ते घसरत घसरत माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"आपण फ्लॅश बंद करता का?"

"अहो, अंधार किती आहे!"

"तो आम्हालाही दिसतोय."

फ्लॅश बंद केला. तेवढ्यात आमच्या एका पोरानं गोल मारला, आणि मी त्या वेळी बटणांशी खेळत होतो! तोंडातून आपसूक निघून गेलं, "अरे, तोच गोल परत मार! जरा सावकाश, आणि शेवटी हात वर कर!"

आता गंमत बघा. तो पोरगा खरंच मागे वळला आणि चकती शोधायला लागला. का? तर त्याच्या ताईच्या लग्नात फोटो मीच काढले होते!

केळकरांनी शिट्टी फुंकली. "अहो, हा सामना आहे, सप्तपदी नाही. आता एक शब्द बोललात तर बाहेर घालवीन."

मी गप्प बसलो. अगदी शहाण्यासारखा. मनू एकामागून एक गोल अडवत होती. काय खेळत होती पोरगी! मला अभिमानानं भरून येत होतं, आणि फोटोत तिच्या जागी नुसता जांभळा फराटा येत होता. मग बाजू बदलल्या आणि मनू त्या पांढऱ्या दिव्याखाली आली. तरी ती हलत होतीच.

सामना संपत आला. आमचा संघ एका गोलनं पुढे. आणि समोरच्यांना पेनल्टी मिळाली.

सगळे बाजूला झाले. मनू गोलसमोर एकटी, दिव्याच्या बरोबर खाली, आणि पहिल्यांदाच स्थिर! मला वाटलं, आता जर फोटो आला नाही, तर आपण स्टुडिओला कुलूप लावावं. फक्त एकच अडचण होती. ती खाली बर्फाकडे बघत होती, आणि शिरस्त्राणाच्या जाळीची सावली चेहऱ्यावर पडली होती. दादाला कळणार कसं, आपली मुलगी कोणती?

समोरचा खेळाडू निघाला. आणि मी ओरडलो.

"मनू! इकडे बघ! मान वर, थोडं हास!"

हिच्या बारशापासूनचे सगळे फोटो मी काढलेत हो. माझा तो आवाज आला की आमच्या घरात आमटी वाढणारीसुद्धा पळी तशीच धरून थांबते. मनूनं मान वर केली, डावा खांदा पुढे घेतला, माझ्याकडे बघितलं आणि जाळीआडून गोड हसली.

मी बटण दाबलं. खट्ट!

तो आवाज माझ्या कॅमेऱ्याचा नव्हता.

केळकरांनी हात वर केला. "गोल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आपल्या नावावर लिहू का?"

सामना बरोबरीत सुटला. स्टान्झिनसर माझ्याजवळ आले आणि अगदी नम्रपणे विचारलं, "सर, आप उनकी टीम से हैं क्या?"

मनूनं शिरस्त्राण काढलं. डोळे डबडबलेले.

"अगं, पण तू बघितलंस कशाला माझ्याकडे?"

"तूच म्हणालास ना, इकडे बघ!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

संध्याकाळी दादाकडे गेलो. मनू म्हणत होती फोटो पुसून टाक, पण दादानं कॅमेरा काढूनच घेतला. राखाडी बर्फ, जांभळी पोरं, माझं पोट, सगळं त्यानं शांतपणे बघितलं. शेवटी तो एक फोटो आला. स्वच्छ, रेखीव. पापण्यासुद्धा मोजून घ्याव्यात इतका. मनू हसतेय, आणि तिच्या कोपराखालून चकती आत चाललीय.

दादानं चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"हा गोल झाला?"

"हो, बाबा."

"आणि तू हसतेयस."

"काका म्हणाला, हास."

"याच्या आधीचे किती गेले?"

"एकही नाही. सगळे अडवले."

दादानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग कॅमेरा माझ्या हातात ठेवला आणि मनूला म्हणाला,

"जा तू लेहला. तिथं निदान हा नसेल."