जंगलाचा पडदा

टेम्पोत सामान चढवताना अब्बानं राजवाड्याचा पडदा घेतला, बागेचा घेतला, रस्त्याचा घेतला. जंगलाचा मात्र ओसरीतच टाकला. "राहू दे. लय पाह्यलं जंगल," म्हणाला. अब्बा झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवायचा. नव्वदीतली गोष्ट. आमच्या गावाजवळ जंगलवाले नक्षली आणि पोलिसांत गोळीबार झाला, गावातले दोघं नाहक गेले, आणि आम्ही सिंदेवाही गाठली.

खोटं कशाला बोलू, तिथं जीव सुटल्यासारखा वाटला. दार वाजलं तर दूधवालाच असायचा. अम्मी गाढ झोपायला लागली. पण अब्बा जंगल काढेचना. नाटकवाले हातापाया पडायचे. जंगलाशिवाय झाडीपट्टीत नाटक होतं का कुठं? खलनायक लपणार कुठं?

शेवटी काढलं, पण झाडं कशी? नुसत्या काड्या! मंडळीचा मॅनेजर डोक्याला हात लावून बसला. "चाचा, ह्याच्यामागं बकरी नाई लपत, माणूस कसा लपन?"

"म्हणूनच तं तशी काढली," अब्बा म्हणाला.

सगळे हसले. मला मात्र वाटलं, गोळी न लागताही अब्बाचा हात गेला की काय.

मग एकदा गावाकडची कौसल्याबाई धानाचं बियाणं न्यायला सिंदेवाहीला आली. पिशवीत आमच्यासाठी मोहफुलं. अंगणात वाळत घातलेला तो काड्यांचा पडदा बघून ती भडकलीच. "काऊन भाऊ, आमच्या मोहाले रोग लागला का? आमी आजबी त्याच्याचखाली फुलं वेचून राह्यलो!"

ती गेल्यावर अब्बानं रंगाचे डबे उघडले. संध्याकाळपर्यंत पडद्यावर मोह उभा राहिला, चांगला दोघांच्या कवेत न मावणारा. बुंध्याआडून पिवळं काहीतरी डोकावत होतं. मी दोन पावलं मागं सरकले.

"मागं कोण हाये, अब्बा?"

"तूच. लपाछपी विसरली का वं?"

गावात मोहाआड लपायचे तेव्हाचा माझा पिवळा फ्रॉक! मी हसता हसता रडले. अम्मीही रडली.

कौसल्याबाईसारख्या गावात मागं राहिलेल्या बायांनो, आता माझा नागपुरात फ्लॅट आहे. खिडकीतून पार्किंग दिसतं. अब्बा नाही. पडदा विरला, तेव्हा मोहाचा तेवढा तुकडा कापून मी हॉलमध्ये लावला. पाहुणा आला की माझी लेक त्याला तिथं ओढत नेते आणि विचारते, "सांगा, माझी अम्मी कुठं लपली?"