न झालेला मोतीबिंदू

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी आयुष्यात एकदाच कुणाचं तरी निमूट ऐकलं, आणि तेच त्यांना भोवलं. तोंडावर मी तिला 'बाई' म्हणते, पण मनात ती मला कायम 'ती'च राहिली आहे, म्हणून इथंही तसंच लिहिते. ती कुणाला भीक घालणारी बाई नव्हती. मी गोंदिया शहरातली, निम्मं हिंदी बोलत वाढलेली. लग्न होऊन दवनीवाड्याच्या पुढच्या या गावात आले, तेव्हा आठवड्याच्या आतच तिनं मला बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उभं केलं आणि विचारलं, "शहरवाली, यातलं धान कोनतं आन गवत कोनतं?" मी गवताला हात लावला. ते ती अजून पाहुण्यांना सांगते.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका लग्नाहून परत येताना भासऱ्यांची, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची, मोटरसायकल गिट्टीवर घसरली. त्यांना खरचटलं, आणि मागं बसलेल्या तिची नडगी मोडली. गोंदियाच्या एका दवाखान्यात पायात रॉड घातला. घरी पाठवताना गोळ्या दिल्या. ताप उतरला, ठणका कमी झाला, तसं तिनं त्या बंद केल्या. "बरं वाटून राह्यलं, आता कायले खाऊ?" उरलेल्या गोळ्या शेजारणीला गळू झालं होतं, तिला देऊन टाकल्या. यात तिला काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या कुणालाच वाटलं नाही. इथं घरोघरी असंच चालतं.

पावसाळ्यात जखम पुन्हा फुटली. पू वाहू लागला, पायाला वास यायला लागला. डॉक्टरांनी पुन्हा चिरलं, पू तपासायला पाठवला आणि सांगितलं की हा जंतू साध्या औषधांना दाद देणारा नाही. मग चारचौघांत, बाकावर बसलेल्या सगळ्या पेशंटांसमोर, तिला झापलं. "अर्धवट औषध खाऊन तुम्हीच त्याला शहाणं केलंत. आता हीच एक गोळी उरली आहे. ही सोडली तर पाय कापावा लागेल, समजलं?" दोष पूर्ण तिचाच होता की नाही, कुणास ठाऊक. असे जंतू दवाखान्यातही चिकटतात म्हणे. पण ती मान खाली घालून बसली. तिला कुणापुढं मान खाली घालताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि मला डॉक्टरचा फार राग आला.

पाय जाण्याची भीती तिला वेगळ्याच कारणानं होती. तिच्या एकुलत्या एका मुलीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, फाल्गुनात. आणि बाळाला न्हाऊ घालायचं ते पाय लांब करून, पायांवर आडवं घेऊन. आमच्या आळीतली निम्मी पोरं या बाईच्या पायांवर न्हालेली, माझी दोन्हीसुद्धा. स्वतःच्या नातवाला दुसऱ्या कुणी न्हाऊ घालावं, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. दवाखान्यातून परतताना गाडीत ती मला म्हणाली, "पाय गेला तं मी लेकराले कायच्यावर घेऊ वं?"

तेव्हापासून ती गोळी देवाच्या प्रसादासारखी खाऊ लागली. सकाळी एक, संध्याकाळी एक. पाकीट पदराच्या गाठीत. तोंडाची चव गेली, मळमळायचं, भात पुढं ढकलायची, पण गोळी कधी चुकली नाही. मी थट्टेनं म्हणायची, "बाई, एवढी भक्ती भासऱ्यांवर केली असती तं ते तरले असते." ती हसायची आणि पाण्याचा लोटा उचलायची.

डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या: ही गोळी चालू असताना दर आठवड्याला रक्त तपासायचं, आणि लवकर परत येऊन दाखवायचं, म्हणजे कधी बंद करायची ते ठरवता येईल. पण त्या सांगितल्या भासऱ्यांना, उभ्या उभ्या, दारात. बाईमाणसाचं दुखणं असलं तरी बोलायचं तिच्या नवऱ्याशी, ही आमच्याकडची रीत. भासरे एकदा तिला दाखवून आले. रक्त ठीक होतं, जखम भरत होती, डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा आणि पुन्हा या. दुसऱ्यांदाही रक्त तपासून झालं. मग पोळा आला, महालक्ष्म्या आल्या, नवरात्र आलं, धान पोटरीत आलं. जखम कोरडी झाली. कोरड्या जखमेसाठी कोण शहरात जातो? सांगितलेल्या सगळ्यातून घरात एकच वाक्य उरलं, की गोळी सोडायची नाही. गावातला मेडिकलवाला ओळखीचा. कुणाच्याही हाती निरोप पाठवला की पाकीट यायचं. कधी संपणार, हे त्यानं विचारलं नाही आणि आम्हीही नाही.

कार्तिकात ती बाळासाठी दुपटी शिवत होती. एका दुपारी मला हाक मारली, सुईत दोरा ओवून दे म्हणाली. मी ओवून दिला तर भडकली. "लाल सांगतला होता, हा मातकट काऊन देल्ला?" दोरा लालच होता. मी तसं म्हणाले, तर ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग गुपचूप शिवायला लागली. टाके वेडेवाकडे पडत होते. ज्या बाईनं मला गवत आणि धान ओळखायला शिकवलं, तिला लाल दिसत नव्हतं. मी त्या दिवशी नुसती घरभर फिरले. पण काय झालंय ते मला तरी कुठं कळत होतं!

"डोऱ्यापुढं धुवारी आल्यावानी दिसते," तिनं रात्रीच्या जेवणाला सगळ्यांसमोर सांगितलं. डोळ्यांपुढं धुकं. भासऱ्यांनी घास न थांबवता निदान केलं. "मोतीबिंदू हाय. माह्या मायलेबी याच वयात झाला होता."

आणि मोतीबिंदू म्हटलं की आमच्याकडे सगळं ठरलेलं असतं. डोळा काढायचा, म्हणजे ऑपरेशन करायचं, ते थंडीत. उन्हाळ्यात काढला तर सुजतो, पावसाळ्यात पाणी धरतो. आणि कच्चा काढायचा नाही, पिकू द्यायचा. धान कापून, चुरून, म्हणजे मळून, घरात आलं, की मार्गशीर्षात शाळेच्या आवारात डोळ्यांचं शिबिर भरतं. तिथं गावच्या गाव रांगेत बसतं आणि डोळ्याला पट्टी बांधून घरी येतं. माझ्या सासूचं तसंच झालं होतं, चुलत सासऱ्यांचं तसंच. त्यामुळं कुणी घाबरलं नाही. मी म्हणाले, शहरात एकदा दाखवू तरी. भासरे म्हणाले, "कच्चा हाय आजून, डॉक्टर वापस पाठवते. कायले चक्कर मारता?"

मग जे झालं ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. तिला जसजसं कमी दिसायला लागलं, तसतसं घर खूश व्हायला लागलं. ती भिंतीला आपटली, तर भासरे म्हणाले, पिकून राहिला. दारात आलेल्या बोहारणीला मी समजून ती तिच्याशी माझं नाव घेऊन बोलली, तर सगळे हसले, तीही हसली. चप्पल पायातून निसटून मागं राहायची आणि तिला पत्ता नसायचा. तळपायाला मुंग्या येतात, रुई, म्हणजे कापूस, लावल्यासारखं वाटतं, असं ती म्हणायची. आम्ही म्हणालो, मोडलेल्या पायाचं राहतंच असं. मुंग्या तर चांगल्या पायालाही येत होत्या. चेहरा पांढराफटक पडला होता. त्याचाही कुणी विचार केला नाही. आणि या सगळ्यात ती सकाळ-संध्याकाळ पदराची गाठ सोडत होती. डोळे जात होते, तरी गोळी हाताला बरोबर सापडायची.

शिबिराच्या दिवशी तिनं नवं लुगडं नेसलं. थंडी कडक होती. म्हाताऱ्याकोताऱ्यांत ती सगळ्यात तरुण, म्हणून तिला जरा लाजल्यासारखंही होत होतं. "पट्टी सुटली का मंग दुपटे उसवून पुन्हा शिवतो," ती मला सांगत होती. "पोट्टी येईन तवा वाकडे टाके पाहीन तं हासन मले." पोट्टी म्हणजे तिची लेक.

डोळ्यांचे डॉक्टर बाहेरून आलेले, हिंदी बोलणारे. त्यांनी बॅटरी मारली, पुन्हा मारली, अंधाऱ्या खोलीत नेऊन यंत्रातून पाहिलं. रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक पुढं धरलं. तिला त्यातलं काहीच सांगता आलं नाही. मग ते म्हणाले, "माई, मोतियाबिंद तो है ही नहीं. काच एकदम साफ है."

मला क्षणभर आनंद झाला. किती मूर्ख आनंद होता तो.

"कौनसी गोली चालू है?" त्यांनी विचारलं. तिनं पदराची गाठ सोडली. डॉक्टरांनी पाकीट उजेडात धरलं, नाव वाचलं आणि कधीपासून, असं विचारलं. मी म्हणाले, महालक्ष्म्यांच्या आधीपासून. त्यांनी ते पाकीट तिला परत दिलंच नाही.

ते चांगले होते. ओरडले नाहीत. मला बाजूला न घेता त्यांनी तिलाच समोर बसवून समजावलं. गोळी खोटी नाही. अशा जंतूवर मोजकीच औषधं चालतात आणि हिनंच तुमचा पाय वाचवला. पण ही फार दिवस खायची गोळी नाही. रेटत गेलं, तर ती डोळ्यामागची नस सुकवते, हातापायांच्या नसा बधिर करते, रक्त कमी करते. म्हणून तर रक्त तपासत राहायचं असतं. आणि लाल रंग फिका दिसला, धुरकट दिसलं, मुंग्या आल्या, की त्याच दिवशी, शेतीचं काम टाकून, डॉक्टरला सांगायचं असतं. तेव्हाच थांबवली, तर नजर बहुतेक परत येते. आता किती येईल, ते सांगता येणार नाही.

तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "पन मी एकबी गोली चुकोली नाई, साहेब." तिला वाटत होतं, अजूनही कुठंतरी तिचाच हलगर्जीपणा झाला असणार.

मी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. बाहेर व्हरांड्यात ज्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, त्या बाया चिठ्ठ्या धरून ओळीनं बसल्या होत्या, आपसांत चेष्टा करत होत्या. ती त्यांच्या आवाजाकडे तोंड करून उभी राहिली. "मलेच मोतीबिंदू काऊन नाई झाला वं?" असं म्हणून ती तिथंच भिंतीला टेकून रडली. मीही रडले. भासरे दूर जाऊन उभे राहिले. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, त्यांना तरी कुठं तोंड दाखवायला जागा होती.

पायाच्या डॉक्टरांकडे दुसऱ्याच दिवशी गेलो. मी या वेळी आतपर्यंत गेले आणि भांडले. बोलावलं तेव्हा आला नाहीत, असं ते म्हणाले. ते खरं होतं. धोका कशात आहे हे तुम्ही जिचे डोळे आहेत तिला सांगितलं नाही, असं मी म्हणाले. तेही खरंच होतं. शेवटी त्यांनी पायाचा एक्स-रे दिव्याच्या काचेवर लावला आणि हाड उत्तम जुळल्याचं सांगितलं. आता कुठल्याच गोळीची गरज नाही म्हणाले. गोळी केव्हाच थांबवता आली असती, हे त्यांनी उच्चारलं नाही, पण आम्हाला कळलं. मेडिकलवाल्यानं तर सरळ हात झटकले.

पुढच्या महिन्यांत अंगात रक्त भरून आलं, चेहऱ्यावर तुकतुकी आली, मुंग्या थोड्या कमी झाल्या. नजर कडेकडेनं थोडी आली. मधली आली नाही. ती समोर पाहते तिथं एक राखाडी डाग असतो आणि त्याच्या भोवती जग असतं. माणसाकडे सरळ पाहिलं की त्याचा चेहराच तेवढा पुसला जातो.

फाल्गुनात मुलगा झाला. बाराव्या दिवसापर्यंत या आजीला कुणी थांबवू शकलं नसतं. न्हाणीत पाट मांडून तिनं दोन्ही पाय लांब केले. रॉडचा पाय सरळ, भक्कम, जखमेची नुसती एक चकचकीत रेघ. बाळाला तिनं अगदी सवयीनं पायांवर घेतलं, मानेखाली हात दिला. पोट्टी बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभी राहून पाहत होती. पाण्याचं भांडं उचलून जाऊबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"माय, तिकडं काऊन पाहून राह्यली?" पोट्टी घाबरून म्हणाली. "लेकराकडं पाह्य ना!"

"लेकराकडंच पाहून राह्यलो," ती भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली. "त्याच्याकडं पाह्यलं का त्याचं तोंड नाई दिसत मले."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढं झाले आणि जाऊबाईंच्या हातातलं भांडं घेतलं. तिनं ते लगेच सोडलं, जराही ओढून धरलं नाही.