बारशाच्या माडाचं पिवळं पान

माझ्या पोरीच्या माडाची खालची पानं पिवळी पडलीत हे पहिल्यांदा मलाच दिसलं, आणि मी ते कोणाला बोललेच नाय. घटस्थापना झाली होती, पाऊस आटपला होता, ऊन असं लागायला लागलं होतं की जांभ्याच्या पायरीवर पाय ठेववत नव्हता. मी मागच्या दारी लंगोटं वाळत घालत होते आणि बघते तर काय, वरनं माड हिरवा आणि खालची दोन पानं पिवळी. नुसती पिवळी पण नाय, नारिंगी ठिपके आणि टोकं करपलेली, इस्तरी लागल्यासारखी.

आमच्या घरात मूल झालं की बारशाला आगरात, घरामागच्या वाडीत, एक माड लावायचा, त्याच्या नावाचा. नवऱ्याच्या नावाचा माड आहे, दिराच्या नावाचा आहे. माझी मुलगी झाली वैशाखात, तर सासूने पाऊस लागताना तिच्या नावाचा पण लावला. शेजारची काकी तेव्हाच बोलली होती, "पोरीच्या नावाचा माड कशाला गो? ती जाणार दुसऱ्याच्या घरी. माड काय पाठीवर बांधून नेणार?"

सासूबाई बोलल्या, "नारळ पाठवीन मी. तुझ्या पोराच्या माडाचे नारळ कोण खातं ते माहिताय ना? वानर."

मी त्यांना आईच म्हणते. माझं माहेर सावर्ड्याकडचं, पण आई मी लहान असतानाच गेली, मग बाळंतपणाला कोणाकडे जाणार, इथेच झालं, पावस गावाजवळ, सासरी. सगळं ह्यांनीच केलं. तेल लावणं, शेक, धुरी, पोरीला पायावर घेऊन आंघोळ. नवरा मच्छीच्या बोटीवर खलाशी, बोट गेली की चार-आठ दिवस साधा फोन लागत नाय. मी आठवीपर्यंत शिकलेली, आणि मुळातच घाबरट. पोरगी झोपली की श्वास चालू आहे का बघायला हात नाकाशी नेणारी, आणि ती जागी झाली की का जागी झाली म्हणून घाबरणारी.

आणि त्याच आठवड्यात अंगणवाडीत वजन केलं होतं. काटा मागच्या महिन्यात होता तिथंच. ताई चांगली आहे, ओरडली नाय, पण बोलली, पुढच्या महिन्यात वाढलं नाय तर रत्नागिरीला मोठ्या दवाखान्यात दाखवायला लागेल, ठेवून पण घेतील. मी मान हलवली आणि घरापर्यंत कशी आले मला माहीत नाय. आणि आता हे पान. पोरगी वाढत नाय आणि तिचा माड पिवळा. मला दुसरं काय सुचेल सांगा. काकी तर कुंपणावरनं बघून गेलीच, बोलली काय नाय, नुसतं "च्च" केलं. ते "च्च" मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मग मी ठरवलं की पानं कापून टाकायची. दिसणारच नायत मग. आई नाक्यावर मासे घ्यायला गेल्या होत्या, पोरगी झोपली होती, मी कोयता घेतला आणि एक पान देठापासनं काढलं पण. दुसऱ्याला हात घालते तोवर मागनं आवाज.

"अगो ए! काय करतेस?"

"पिवळं पडलंय."

"मग?"

"लोकं बघतात."

"लोकं तुझं नाक पण बघतात. कापणार आहेस? ठेव तो कोयता."

मी ठेवला आणि रडायलाच लागले. सगळं एका दमात सांगितलं, वजनाचं, काकीचं, मला काय वाटतं त्याचं. आई ऐकत होत्या, हातात माशांची पिशवी तशीच. काकीच्या नावाने एक शिवी दिली, ती मी इथं लिहीत नाय. मग मी कापलेलं ते पान त्यांनी उचललं, झटकलं, आणि घडी घालून दाराच्या मागे ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आई त्या पानासकट रत्नागिरीला, खताच्या दुकानात.

दुपारी आल्या त्या पाणी पण न पिता सांगायला बसल्या. "तो खतवाला हसला मला. बोलला, मावशी, पान घेऊन आलीस ते बरं केलंस, लोकं फोटो आणतात त्यातनं काय कळत नाय. बोलला, पोटॅश कमी पडलंय. आपली तांबडी माती, पाऊस सगळं धुऊन नेतो. आता पाऊस गेलाय, ओल आहे, हीच वेळ घालायची. आणि काय बोलला ऐक. पिवळं पान कापायचं नाय. नवं पान येतं ना, त्याला माड ह्या खालच्या जुन्या पानातलंच काढून देतो. म्हणून ते पिवळं पडतं. जुनं कापलं तर नव्याने कोणाच्या तोंडाकडे बघायचं?"

एक पान तर मी कापलंच होतं.

"एकच गेलं ना," आई बोलल्या. "एक आहे अजून."

पिशवीत लाल पोटॅश होतं, जाड मिठासारखं. मी ते लगेच माळ्यावर टाकलं, पोरीच्या तोंडात गेलं तर म्हणून. आईंनी माळ्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. "बसता येत नाय तिला अजून. शिडी लावून चढणार आहे काय?" पण खाली नाय काढलं हो त्यांनी, तिथंच राहू दिलं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर घालायला घेतलं. नुसतं दुकानातलं पोटॅश आईंना पटत नाय. त्यांच्याकडे राखेचा डबा होता, पत्र्याचा, न्हाणीघराच्या कोपऱ्यात उंच ठेवलेला. आमच्याकडे जेवण गॅसवर, पण आंघोळीचं पाणी अजून न्हाणीतल्या चुलीवर, झावळ्या आणि नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, जाळून. ती राख आई पावसाळाभर डब्यात भरत होत्या, वर प्लास्टिक बांधून. मी एकदा त्यातली भांड्यांना घेतली तर केवढ्या ओरडल्या होत्या, मला वाटलं राखेसाठी काय एवढं. आता बोलल्या, "राखेतपण तेच असतं, खतवाल्याने सांगितलं. पण भिजली की सगळं वाहून जातं. म्हणून कोरडी ठेवायची. आणि ही कुठली राख आहे माहिताय? हिच्या आंघोळीची. हिच्या पाण्याखाली जळलेली." पोरीच्या गालाला राखेचं बोट लावलं त्यांनी, दृष्टीला.

माडाभोवती आळं केलं, खोडाला चिकटून नाय, हातभर लांबनं. आईंनी राख पसरली, वर थोडं लाल पोटॅश, अगदी थोडं, कोवळा आहे म्हणून, मग माती ओढली. त्यावर सोडणं उलटी लावली, ओल राहायला. मी विहिरीवरनं पाणी आणत होते. पहिली कळशी आणली. दुसरी आणताना छाती अशी धडधडायला लागली की कानात ऐकू येत होती. तिसरी उचलली आणि डोळ्यांसमोर काळं. कळशी खाली ठेवली आणि बांधावर बसले, तोंडानं श्वास घेत.

"काय झालं?"

"काय नाय. असंच होतं."

"असंच म्हणजे कधीपासनं असंच?"

मला सांगता येईना. बाळंतपणापासनं होत होतं. मला वाटायचं सगळ्यांनाच होतं. आणि घाबरले की पण असंच होतं, मी तर रोज घाबरते, मग कुठलं कुठलं कसं कळणार.

आईंनी हात साडीला पुसले, माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि बोटाने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली. मग बोलल्या, जीभ काढ. मग नखं बघितली.

"पांढरीफटक," त्या बोलल्या. "मी पान घेऊन रत्नागिरीपर्यंत गेले, आणि घरातलं बघितलंच नाय. पोरगी तुझ्यातनं ओढतेय. आणि तू कोणाकडून ओढणार गो?"

उरलेलं पाणी त्यांनी घातलं. साठी उलटलेली बाई. मी बांधावर पोरीला घेऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी गावात घरोघरी फिरणाऱ्या आशाताईबरोबर सरकारी दवाखान्यात गेलो. बोटातनं रक्त घेतलं. डॉक्टरीणबाई बोलल्या, रक्त खूप कमी आहे, ह्या गोळ्या, आणि पोटभर खायचं. मुलीला सहा महिने होतायत, आता दुधाबरोबर मऊ भात, नाचणीची पेज सुरू करा. मी विचारलं, ठेवून घेणार का हिला? त्या बोलल्या, आधी हे करा, मग वजन बघू.

मग जे सुरू झालं ते काय सांगू. सकाळी अळिवाचा लाडू. अंगणातला तांबडा माठ. नाचणीची भाकरी, बांगड्याचं कालवण. मी सगळ्यांच्या मागनं जेवायचे, उरेल ते, भूक नाय म्हणून अर्धं. आता आई मला आधी वाढायच्या आणि समोर बसायच्या, हात बांधून, ताट संपेपर्यंत. मला लाज वाटायची. माझी आई गेल्यापासनं माझ्या ताटाकडे असं कोणी बघितलंच नव्हतं. एकदा घास तोंडात असतानाच रडू आलं, तर बोलल्या, "रडायचं तर रड, पण आधी गिळ."

नवऱ्याचा फोन आला तर मी माडाचं सांगायला लागले, तो बोलला, "एवढं काय, मेला तर दुसरा लावू." मी फोन आईंकडे दिला. त्यांनी लांब जाऊन त्याला काय सांगितलं माहीत नाय. परत माझ्या हातात आला तर तो विचारत होता, "जेवलीस काय गो?" त्यानंतर प्रत्येक फोनला तेच पहिलं विचारतो.

श्वास हळूहळू मोकळा व्हायला लागला. विहिरीपर्यंत गेले तरी कानात धडधड येत नव्हती. पण भीती काय गोळ्यांनी जात नाय. वजनाचा दिवस आला तशी मी पोरीला घेऊन दारातच बसून राहिले. आई बोलल्या, मी येते. पोरीला स्वतः कडेवर घेतलं, वाटेत काकी भेटली तर थांबल्यापण नाय.

अंगणवाडीत ताईने पोरीला झोळीत घातलं, पोरगी भोकाड पसरून रडली, पाय झाडले, काटा हलायचा थांबेना. मी बघितलंच नाय. भिंतीवर फळांचा तक्ता होता, मी त्यातलं सीताफळ बघत उभी राहिले.

"वाढलंय," ताई बोलली. "छान वाढलंय ग. दवाखान्यात न्यायची आता काय गरज नाय, असंच चालू ठेव."

"परत बघ," आई बोलल्या.

"आजी, बघितलं ना मी."

"माझ्यासाठी बघ."

ताईने परत बघितलं. तेवढंच. तेव्हा मला दिसलं की आईंचा पदर तोंडाशी आहे आणि डोळे भरलेत. म्हणजे त्यापण घाबरल्या होत्या, एवढे दिवस, माझ्यासारख्याच, आणि मला एकदापण कळू दिलं नाय. आभार मानायची आमच्यात पद्धत नाय, मी नुसता त्यांचा कोपर धरला.

त्यांनी डोळे पुसले, पोरगी ताईच्या हातात दिली आणि कोपऱ्यातल्या मोठ्या वजनकाट्याकडे बोट केलं. "आता हिला घे त्याच्यावर."

"आजी, आज मुलांचं वजन आहे."

"ही माझी मुलगीच आहे. चप्पल काढ गो."

मी चप्पल काढली आणि उभी राहिले. आई आकडा वाचायला वाकल्या, चष्मा घरी राहिलेला, मग ताईने वाचून दाखवला.

"कमी आहे?" त्यांनी विचारलं.

"थोडं कमी आहे."

"असू दे. लिहून ठेव," आई बोलल्या. "पुढच्या महिन्यात दोघींना घेऊन येते."