शरदचंद्र सरांची शिळाछाप लक्ष्मी

लातूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या शरदचंद्र सरांनी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी रंगीत छपाईच्या इतिहासावर पीएच.डी. करायला घेतली. विषयाची ओढ होती असं नाही. किल्ले, बारव आणि निजामी महसूल हे विषय विभागातल्या इतरांनी आधीच अडवले होते. पुढच्या पाच वर्षांत सर एकदाही छापखान्यात गेले नाहीत. शाईचा वास त्यांना सोसत नसे. मात्र ते ‘छपाई’ सोडून ‘वर्णमुद्रण’ म्हणू लागले, घरी बायकोशी बोलतानासुद्धा.

प्रबंधाचा कणा होता लक्ष्मीचं एक चित्र. नांदेडच्या रद्दीवाल्याकडे ते मिळालं होतं. कडा पिवळ्या पडलेल्या, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. एवढ्या पुराव्यावर सरांनी ते शंभर वर्षांपूर्वीची शिळाछाप ठरवलं. शिळाछाप म्हणजे दगडावर चित्र काढून, एकेका रंगाला वेगळा दगड वापरून केलेली छपाई. त्यावर त्यांनी नव्वद पानं लिहिली.

मार्गदर्शकांनी एखाद्या जुन्या कारागिराची मुलाखत जोडायला सांगितली, म्हणून सर उदगीरला महादेवप्पांकडे गेले. हैदराबादेत चाळीस वर्षं ऑफसेट मशीन चालवून महादेवप्पा गावी परतले होते. सरांनी पाऊण तास त्यांनाच छपाईचा इतिहास सांगितला. मग चित्र पुढे ठेवलं.

महादेवप्पांनी भिंग डोळ्याला लावलं.

“सर, हे दगडावरचं न्हाई. दगडावर ठिपके हातानं देतेत, ते लहानमोठे, कसेबी पडतेत. हे बघा, कसे रांगेत बसलेत. ही ऑफसेट हाय.”

“तुमचा गैरसमज होतोय,” सर म्हणाले. “माझा पाच वर्षांचा अभ्यास आहे.”

“आसंल की. पर हे मीच छापलंय, एक्याण्णवला. मुरुडच्या एका किराणा दुकानाचं कॅलेंडर व्हतं. खालच्या तारखा कापल्यात कुणीतरी. ह्या हातापाशी लाल रंग केसभर सरकलाय. त्यापायी मालकाच्या लई शिव्या खाल्ल्या मी.”

महादेवप्पांची बायको दानम्मा चहा घेऊन आली, तोवर सर उठले होते.

लातूरपर्यंत एसटीत त्यांनी चित्राची पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. नव्वद पानं काढून टाकायची, तर पदोन्नतीही गेली. तिसऱ्या दिवशी मार्ग सापडला. त्यांनी प्रबंधात नवं प्रकरण घातलं: ‘स्थानिक कारागिरांच्या स्मृतीची अविश्वसनीयता’. उदाहरण म्हणून महादेवप्पांचं नाव दिलं, गावासकट. परीक्षकांना तेच प्रकरण सगळ्यात मौलिक वाटलं.

पदवी मिळाली, बढती मिळाली, प्रबंधाचं पुस्तकही निघालं. एक प्रत सरांनी ‘सप्रेम’ लिहून उदगीरला पाठवली. दानम्मानं महादेवप्पांचं नाव असलेलं पान मोठ्यानं वाचून दाखवलं.

“तुमच्या ध्यानात काय ऱ्हात न्हाई, असं लिवलंय,” ती म्हणाली.

महादेवप्पांनी पान दोन बोटांत धरून चोळून पाहिलं.

“कागद बरा वापरलाय,” ते म्हणाले.