सेवा केली म्हणणारा माणूस

शेजारच्या सुलभाताईंची नजर गेल्यापासून मी त्यांना दुपारी कादंबरी वाचून दाखवते. परवा संपलेल्या कादंबरीत एक माणूस आपल्या धाकट्या भावाचं आजारपण सांगत होता. त्यानं केलेली सेवा वाचताना मी दोनदा थांबून डोळे पुसले. सुलभाताईंनी मात्र मला मध्येच अडवलं.

"तुला हे खरं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"तो स्वतःच सांगतोय ना!"

"म्हणून तर विचारते. आपल्याच चांगुलपणाचं इतकं बारीक वर्णन कोण करतं गं?"

शेवटच्या प्रकरणात कळलं, भाऊ गेला तेव्हा हा घरात नव्हताच. कंटाळून, दार ओढून निघून गेला होता. मला आधी राग आला आणि मागाहून भीती वाटली. लेखकानं खुणा पानोपानी ठेवल्या होत्या. त्या माणसाचं रडणं मला आवडलं, म्हणून मीच त्याच्या बाजूनं उभी राहिले. आतल्या खोलीत भाऊ हाका मारत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. तेव्हापासून तो माणूस माझ्या डोक्यात बोलत राहतो, आणि आवाज माझाच असतो.

काल भाची आली होती. बोलता बोलता म्हणाली, "मावशी, आजी गेली तेव्हा तू जवळ होतीस ना?"

इतकी वर्षं मी हो म्हणत आले.

"नाही गं," मी म्हणाले. "मी दवाखान्याखाली चहाला गेले होते. मुद्दाम उशीर केला. मला बघायचं नव्हतं."