साहेबांच्या फोटोवर अडकणारा कॅमेरा

परवा शनिवारी बुलढाण्यात एका दुकानदाराच्या हातातून मी अक्षरशः कॅमेरा हिसकावून घेतला. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, सगळी माझ्याकडे बघत राहिली... बघू देत.

झालं असं, की आमच्या शाळेचे शिपाई सुखदेवकाका निवृत्त झाले. मी त्याच शाळेत, मोताळ्याला, विज्ञान शिकवते आणि शाळेचा डिजिटल कॅमेरा कार्यक्रमात माझ्याच गळ्यात असतो. आजवर प्रत्येक समारंभात स्टेजवरच्या खुर्च्या काकांनी मांडल्या, पण स्वतः त्यावर बसले ते निरोपाच्या दिवशी. शेजारी काकू. "मॅडम, जोडीनं एक फोटो घ्या बरं आमचा," एवढंच मागणं होतं त्यांचं. मी काढला.

मोबाईलवर कुणी काढला नाही का, असं विचाराल. मोबाईल पुष्कळ होते हो... पण सगळे संस्थेच्या अध्यक्षसाहेबांकडे वळलेले!

तर काका रोज सकाळी गेटवर हजर. "मॅडम, निंघाला काय फोटो?" मी कॅमेऱ्यातच दाखवावा म्हणून प्लेबॅकचं बटण दाबलं. शेवटून मागे मागे चार-पाच फोटो नीट आले, आणि साहेबांच्या भाषणाच्या फोटोवर स्क्रीन जी थिजली ती थिजलीच. कुठलंच बटण चालेना, बंदही होईना. शेवटी बॅटरी काढावी लागली.

मग पहिल्या फोटोकडून पुढे आले, तर साहेबांच्या स्वागताच्या फोटोवर पुन्हा तेच. काका-काकूंचा फोटो नेमका या दोघांच्या मध्ये. इकडून जा, तिकडून जा, आडवे साहेबच...

बॅटरी फुल चार्ज केली, कार्ड काढून पुसून बसवलं, काही फरक नाही. दुसरं कार्ड घातलं तर कॅमेरा एकदम सुरळीत! म्हणजे दुखणं कार्डात होतं. ते कॉम्प्युटरवर उघडावं, तर लॅबमधला कार्ड रीडर जागेवर नाही. मग धरली बुलढाण्याची बस.

दुकानदाराने दोन बटणं दाबून पाहिली. "कार्ड खराब झालं मॅडम. फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखं चालते." आणि बोलता बोलता बोट बटणावर! आत काय आहे, कुणाचं आहे, हवं आहे की नको... एका शब्दाने विचारलं नाही. तेव्हाच मी कॅमेरा ओढला. एखाद्याच्या आयुष्यातला एक दिवस असा पुसून टाकायचा, टेबलावरची धूळ पुसावी तसा?

सोमवारी शाळेत कार्ड रीडर शोधायला लागले. मुख्याध्यापकांनी तो स्वतःच्या ड्रॉवरमधून काढून दिला... अगदी शांतपणे. माझ्या डोक्यात तिथेच प्रकाश पडला, कार्ड यांनीच हाताळलं असणार.

कॉम्प्युटरवर आधी सगळे फोटो कॉपी करून घेतले. दोनच कॉपी होईनात. साहेबांचे तेच दोन! उघडले तर वर अर्धे साहेब, खाली नुसता करडा पट्टा. आणि त्या दोन फायलींची तारीख कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवसाची. त्या दिवशी कॅमेरा ऑफिसच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापक सरांकडे.

विचारलं तर म्हणाले, "साहेबांचा चेहरा जरा काळसर आला होता, बॅनरसाठी उजळ केला." तेही कार्डातच, त्याच नावाने. सेव्ह होताना कॉम्प्युटर अडकला, तर यांनी कार्ड ओढून काढलं आणि गुपचूप कॅमेऱ्यात घालून ठेवलं. मी आठवडाभर बॅटऱ्या काढत-घालत होते, हे समोर बसून बघत होते! आणि वर मलाच प्रश्न, "साहेबांचा फोटो दुरुस्त होईल ना मॅडम?" मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

(कुणाचा कॅमेरा असा अडकत असेल तर त्या कार्डावर नवा फोटो काढू नका, फॉरमॅट तर मुळीच नको. आधी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. आणि कार्डातल्या फोटोवर कार्डातच कारागिरी करू नका... बॅनर कितीही महत्त्वाचं असो.)

काकांचा फोटो शाबूत होता. मोठी प्रिंट काढून संध्याकाळी त्यांच्या घरी गेले.

फोटोत काकू खुर्चीत नीट बसलेल्या. काका मात्र खुर्चीतून अर्धे उठलेले, शाल घसरलेली, नजर भलतीकडेच. आणि काकूंनी त्यांचा सदरा मागून मुठीत धरलेला. काढताना हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

काकू हसायलाच लागल्या. "मी म्हनून राह्यली होती ह्यायले, आज तं बसा! आज तुमचाच कार्यक्रम हाय. तं हे उठूनच राह्यले."

काका ओशाळून म्हणाले, "अवं, मॅडमनंच सांगतलं होतं न, काका जरा सरका, साहेब भाषणाले येऊन राह्यले."

मी सांगितलं होतं... मीच. मला आठवतसुद्धा नव्हतं.

दुकानदारावर चिडले, सरांवर चिडले, दोन दिवस तावातावाने सगळ्यांना सांगत फिरले. आणि काकांना त्यांच्या खुर्चीतून उठवलं होतं ते मी, गळ्यात कॅमेरा घालून. काकांनी मात्र ती प्रिंट छातीशी धरून मला दोनदा "जय भीम मॅडम, लय उपकार झाले" म्हटलं. मला मान वर करवेना.