फिरतीवाल्यांची बाई

फिरतीवरच्या कुणाचा फोन आला की बाई खुर्चीतून उठायच्या आणि तो ज्या गावी गेला असेल त्या दिशेच्या खिडकीशी उभ्या राहून बोलायच्या. पहिला प्रश्न ठरलेला. "जेवला का गा?" कामाचं त्यानंतर.

मुलचेऱ्याला आमच्या संस्थेचं छोटं ऑफिस होतं. आम्ही पाचसहा जण मोटारसायकलवर गावोगाव हिंडून हिवतापासाठी रक्ताचे नमुने घ्यायचो. बाई कागदावर समन्वयक, पण वागायच्या सासूबाईंसारख्या. कुणाच्या गाडीची चेन सैल झालीय, कुणाच्या बायकोचे दिवस भरलेत, कुठल्या गावात कुणाच्या ओसरीवर झोपायला मिळेल, सगळं त्यांना ठाऊक. आणि बोलायच्या इतक्या मोठ्याने की फोन नसता तरी ऐकू गेलं असतं.

मग संस्थेने आम्हाला नवे फोन दिले. कोण कुठे आहे ते जिल्ह्याच्या ऑफिसात पडद्यावर ठिपक्याने दिसणार. ठिपका विझला की गैरहजेरी. आता आमच्या जंगलात रेंज कुठली, तुम्हीच सांगा! टेकडीवर एक मोहाचं झाड होतं, तिथे काय ती मिळायची. आम्ही फोन पिशवीत घालून त्या मोहाला टांगले, गुराख्याला राखायला सांगितले आणि कामाला निघून गेलो.

लवकरच जिल्ह्याच्या साहेबांचा फोन आला. "बाई, तुमची सगळी माणसं एका झाडाखाली बसून काय करताहेत?"

"माणसं नाई बसले साहेब, फोन बसले आहेत. माणसं कामावर गेले."

साहेब काही हसले नाहीत. रेंजचंही काही झालं नाही, त्यामुळे आमचं झाड सुटलं नाही.

पावसाळ्यात एकदा मी नाल्यापलीकडे तापाने पडलो. पडद्यावर माझा ठिपका झाडाखाली खुशाल होता. संध्याकाळी परतताना झाडाजवळून फोन करायचा, हा बाईंचा नेम. माझा आला नाही, तेव्हा त्यांनीच लावला. गुराख्याने उचलला. "बापू आलाच नाई अजून." बाईंनी तडक नाल्यापलीकडच्या बंगाली निर्वासितांच्या वस्तीतल्या दुकानदाराला त्याच्या तारेच्या फोनवर गाठलं. त्याने ट्रॅक्टर काढला आणि मला धानाच्या पोत्यांवर निजवून आणलं. दवाखान्यात डोळे उघडले तर समोर बाई.

"लोकायचं रक्त तपासून राह्यला, सोताचं काऊन नाई तपासलं गा?" एवढं म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

एवढं होऊनही वरून निरोप आला. पडद्यावर सगळं दिसतं, तेव्हा बाईंची जागा बंद. आम्ही भांडलो, उपयोग झाला नाही.

"माह्यं काई नाई," बाई म्हणाल्या, "पण तुमाले कोण पाहीन?"

शेवटच्या आठवड्यात त्या ऑफिसात फिरकल्याच नाहीत. आम्हाला वाटलं, रुसल्या. कुणाला न भेटताच त्या वडशाला लेकीकडे निघून गेल्या.

पुढच्या पावसात मी नदीपलीकडच्या टोल्यावर, पाचदहा घरांच्या वस्तीवर, गेलो होतो. काम आटोपायला दिवस कलला. काठावर आलो तर सकाळी मला नदीपार सोडणारा म्हातारा ढिवर डोंग्यात तसाच बसलेला. दिवसभर त्याने जाळंही टाकलं नव्हतं.

"काऊन थांबला भाऊ?"

"तुमची बाई वडशाले जायच्या आधी येऊन गेली ना. साऱ्या गावाइले फिरली म्हंते. 'माहा पोरगा पलीकडं गेला त वापस आल्याबिगर डोंगा हालवू नको,' म्हणे."

मी डोंग्यात त्याच्याकडे पाठ करून बसलो. त्याने माझं तोंड पाहू नये म्हणून.